पाव वॉटचं गणित

१९६६ मध्ये लंडनच्या डेक्का स्टुडिओत एरिक क्लॅप्टनने मार्शल ॲम्पचा आवाज चढवला आणि तो कमी करायला साफ नकार दिला. जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’बरोबरचं ते ध्वनिमुद्रण होतं. एवढ्या मोठ्या आवाजात गिटार मुद्रित करायची सवय तिथल्या तंत्रज्ञांना नव्हती, पण त्यातून आलेला भरदार, किंचित फाटलेला सूर पुढे रॉक गिटारचा मापदंड ठरला. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, तोच क्लॅप्टन मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ‘लैला’ अल्बमसाठी बसला. जोडीला ड्युएन ऑलमन होता, आणि दोघांच्या दिमतीला होते फेंडरचे ‘चॅम्प’ ॲम्प. शाळेच्या दप्तराहून थोडी मोठी पेटी, आत आठ इंची स्पीकर आणि ताकद जेमतेम पाच वॉट. अल्बम ऐकताना ॲम्प एवढा लहान असेल अशी शंकाही येत नाही.

छोट्या कॅफेत, पुस्तकांच्या दुकानात किंवा तीस-चाळीस खुर्च्यांच्या खोलीत वाजवणाऱ्या गिटारवादकासाठी या गोष्टीत कामाचा धडा आहे. पण ‘लहान जागा, म्हणून लहान ॲम्प’ एवढ्यावर तो संपत नाही. खरा पेच पुढेच आहे.

पेटीच्या आत

चॅम्पचं १९५०च्या दशकातलं मॉडेल उघडून पाहिलं तर त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. पिवळसर ट्वीड कापड चढवलेली लाकडी पेटी आणि वरच्या चकचकीत पट्टीवर एकच बटण. ते फिरवलं की ‘टक्’ होऊन ॲम्प सुरू होतो आणि तेच बटण पुढे १ पासून १२ पर्यंत आवाज वाढवत नेतं. बास नाही, ट्रेबल नाही. आत तीन ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसले व्हॉल्व्ह. पहिली १२एएक्स७. ती गिटारच्या पिकअपमधून आलेला दुबळा संकेत अनेक पटींनी मोठा करते. दुसरी ६व्ही६. तिच्यात स्पीकर हलवण्याइतका दम असतो. तिसरी ५वाय३ घरातल्या एसी विजेची डीसी करते. ६व्ही६ आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसतो, कारण ट्यूब शेकडो व्होल्टवर चालते, तर स्पीकरला कमी व्होल्ट आणि जास्त करंट लागतो.

बटण खाली असताना आवाज स्वच्छ असतो. वादकांच्या भाषेत ‘क्लीन’. ते वर नेत गेलं की एका टप्प्यावर ट्यूबची ताकद संपते. आत येणारी लहर आणखी उंच व्हायला बघते, पण बाहेर पडताना तिचे शेंडे दबतात. मूळ सुरात नसलेले वरचे स्वरांश त्यात मिसळतात आणि गिटार गुरगुरायला लागते. हाच ‘ब्रेकअप’, पुढे गेलं की ‘ओव्हरड्राइव्ह’. ट्यूबमध्ये हा बदल पायरीपायरीने होतो, त्यामुळे हलक्या हाताने छेडलेली तार स्वच्छ राहते आणि जोराने मारलेली चिडते. गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवला तरी ॲम्प पुन्हा शांत होतो. इतके डिजिटल पर्याय हाताशी असताना लोक अजून काचेच्या ट्यूबमागे धावतात, ते बोटांना मिळणाऱ्या या उत्तरासाठी.

ब्रेकअप कुठे सुरू होतो, हे ॲम्पच्या ताकदीवर ठरतं. पाच वॉटच्या ॲम्पमध्ये तो लवकर येतो, पन्नास वॉटच्या ॲम्पमध्ये खिडक्या थरथरायला लागल्यावर.

ॲम्प मोठे का झाले

१९३९ साली चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या ताफ्यात दाखल झाला तेव्हा क्लॅरिनेट, व्हायब्राफोन आणि ड्रम यांच्या गर्दीत तो गिबसनचा ईएच-१५० ॲम्प घेऊन वाजवत होता. त्याची ताकद पंधरा वॉटच्या आसपास. जॅझ गिटारला एकल वादनाचा मान मिळवून द्यायला तेवढी पुरली.

मग सभागृहं वाढली, ध्वनिव्यवस्था मात्र मागे राहिली. १९६० च्या दशकात कार्यक्रमाच्या जागी माइकची सोय असे ती मुख्यतः गायकासाठी. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याची जबाबदारी ॲम्पचीच होती. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर बीटल्स उभे राहिले, तेव्हा व्हॉक्स कंपनीने त्यांना शंभर वॉटचे ॲम्प दिले होते. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत तेही बुडाले. त्याच सुमारास ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने जिम मार्शलकडे आणखी ताकदीचा हट्ट धरला आणि शंभर वॉटचा मार्शल जन्माला आला. तेव्हापासून वॉट म्हणजे इभ्रत झाली.

१९७० च्या दशकात चित्र पालटलं. चांगले मिक्सर, मोठे स्पीकर आणि स्टेजवरचे मॉनिटर आले. ॲम्पसमोर एक माइक ठेवला की पाच वॉटचा आवाजही मैदानभर पोचवता येऊ लागला. मोठ्या ॲम्पची गरज संपली, सवय राहिली. नील यंग आजही मोठ्या स्टेजवर १९५० च्या दशकातला छोटा फेंडर डिलक्स घेऊन वाजवतो आणि तो त्याच्या ध्वनीचा कणा मानला जातो.

डेसिबलचा हिशेब

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. वॉट दहापट केले तर १० डेसिबलने, आणि तेवढी वाढ माणसाच्या कानाला साधारण ‘दुप्पट मोठा आवाज’ वाटते. म्हणजे पन्नास वॉटचा ॲम्प पाच वॉटच्या दहापट मोठा वाजत नाही, सुमारे दुप्पटच वाजतो. उलटही तितकंच खरं आहे. पाच वॉट हा आकडा जितका किरकोळ दिसतो, तितका तो कानाला किरकोळ नसतो.

गिटारचा साधारण स्पीकर एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर सुमारे ९७ डेसिबल आवाज करतो. पाच वॉटला तो १०४ वर जातो. दोन माणसांचं नेहमीचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करणं चालतं, ९४ ला तीच मर्यादा एक तासावर येते आणि १०० ला पंधरा मिनिटांवर. पाच वॉटचा ‘खेळण्यातला’ ॲम्प पूर्ण वाढवून त्याच्या शेजारी उभं राहणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवलेले बरे.

आता कॅफे घेऊ. पहिलं टेबल ॲम्पपासून दोन मीटरवर आहे. तिथे आवाज ८५ डेसिबलच्या वर जाऊ नये, म्हणजे गाणं ऐकू येईल आणि कॉफी मागवायला ओरडावंही लागणार नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे एक मीटरवर ९१ चालतील. ९७ चा स्पीकर ९१ वर आणायला लागते एक वॉटची चौथाई. पाव वॉट! भिंतींवरून परतणारा आवाज धरला तर त्याहूनही थोडं कमी.

मग पाव वॉटचाच ॲम्प घ्यावा का? गुरगुरता आवाज हवा असेल तर जवळजवळ हो. स्वच्छ आवाज हवा असेल तर मुळीच नाही.

इथेच पेच आहे. तार छेडल्याच्या क्षणी जो ठोका बसतो, तो सरासरी आवाजाच्या कितीतरी वर उसळतो. तो ठोका दबू न देता बाहेर काढायचा तर ॲम्पकडे सरासरीच्या दहा-वीसपट ताकद राखीव लागते. या राखीव ताकदीला वादक ‘हेडरूम’ म्हणतात. सरासरी पाव वॉट वाजवताना स्वच्छ ठोक्यासाठी पाच वॉट लागू शकतात, आणि साथीला ड्रम आले तर बारा-पंधरा. ओव्हरड्राइव्हमध्ये उसळी मुळातच दबलेली असते, त्यामुळे तिथे राखीव काही लागत नाही. म्हणून हळू आणि स्वच्छ वाजवणाऱ्याला जास्त वॉट लागतात, हळू आणि गुरगुरतं वाजवणाऱ्याला कमी. दुकानात बहुतेक जण हिशेब याच्या नेमका उलटा मांडून येतात.

कोणासाठी कोणता

स्वच्छ जॅझ, भावगीताची साथ, बोटांनी छेडलेले कॉर्ड हे ज्याचं मुख्य काम, त्याच्यासाठी दोन ६व्ही६ ट्यूबचा बारा वॉटचा ॲम्प नेमका बसतो. १९६४ साली आलेला फेंडर प्रिन्स्टन रिव्हर्ब हा त्या जातीचा नमुना. दहा इंची स्पीकर, स्प्रिंगचा रिव्हर्ब, ट्रेमोलो आणि वजन पंधरा किलोच्या घरात. त्याचा मोठा भाऊ डिलक्स रिव्हर्ब बावीस वॉटचा, बारा इंची स्पीकरचा आणि सुमारे एकोणीस किलोचा. काठ्यांनी वाजवणारा ड्रमर सोबत असेल तर तो घ्यावा. पंच्याऐंशी वॉटचा ट्विन रिव्हर्ब मात्र अशा खोलीत केवळ पाठ मोडतो. एकोणतीस किलो उचलून आणायचे आणि बटण २ च्या पुढे न्यायचं नाही!

ज्याला ब्रिटिश धाटणीचा, कडा असलेला ब्रेकअप हवा, त्याने ईएल८४ ट्यूबच्या ॲम्पकडे वळावं. व्हॉक्सचा एसी१५ हा १९५८ चा मूळपुरुष. दोन ईएल८४ आणि पंधरा वॉट. फेंडरच्या ब्लूज ज्युनियरमध्येही त्याच ट्यूब, तेवढेच वॉट. खोलीचा विचार करता पंधरा वॉटचा ब्रेकअप मोठाच पडतो, पण यात मास्टर व्हॉल्यूम असतो. त्याने पहिल्या टप्प्यातली ट्यूब चिडवून शेवटच्या टप्प्याचा आवाज खाली ठेवता येतो. पॉवर ट्यूबची, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या ट्यूबची, जाडी त्यात पूर्ण येत नाही, तरी कॅफेपुरतं निभावतं.

ज्याला पॉवर ट्यूबचाच गुरगुराट हवा, त्याच्यासाठी एका पॉवर ट्यूबचे चार-पाच वॉटचे ॲम्प. चॅम्पच्या जातीचे हे ॲम्प ‘सिंगल एंडेड’ असतात. त्यांची खोड शांत खोलीत उघडी पडते. दोन ट्यूबच्या ‘पुश-पुल’ रचनेत वीजपुरवठ्याची घरघर बरीचशी आपसांत कापली जाते, एकट्या ट्यूबला ती सोय नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ही घरघर १०० हर्ट्झला ऐकू येते. गोंगाटाच्या बारमध्ये तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पण अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये १९८२ पासून सुरू असलेल्या ब्लूबर्ड कॅफेसारख्या जागी, जिथे जेमतेम नव्वद माणसं बसतात आणि गाणं चालू असताना बोलणाऱ्याला गप्प केलं जातं, तिथे दोन गाण्यांमधली घरघर थेट टेबलावर येऊन बसते. म्हणून असा ॲम्प विकत घेताना तो सुरू करून, गिटार न वाजवता, मिनिटभर नुसता ऐकावा.

पाच वॉटही जास्त होत असतील तर ताकद उतरवण्याच्या युक्त्या आहेत, आणि त्यांतल्या काही फसव्या आहेत. पंधराचे सात वॉट करणारा स्विच (ऑरेंजच्या २००६ च्या टायनी टेररने तो लोकप्रिय केला) जेमतेम ३ डेसिबल उतरवतो. कानाला फरक कळतो, शेजाऱ्याला कळत नाही. व्हॉक्सच्या एसी४टीव्हीमध्ये चार वॉटचा पाव वॉट होतो, म्हणजे १२ डेसिबल. हा उतार खरा. तिसरा मार्ग ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारा अटेन्युएटर. ‘बॉस्टन’ बँडचा संस्थापक आणि शिक्षणाने इंजिनिअर असलेला टॉम शोल्झ याने १९८० च्या सुमारास ‘पॉवर सोक’ नावाने तो बाजारात आणला. ॲम्प पूर्ण ताकदीने चालतो, जास्तीची ताकद अटेन्युएटर उष्णतेत घालवतो. एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. ट्यूब ॲम्पला स्पीकर किंवा तसा भार जोडलेला नसताना तो कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तोच ॲम्पमधल्या महाग भागांपैकी एक.

स्पीकरकडे सहसा कोणी पाहत नाही. ९४ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर बसवणं म्हणजे ॲम्पचे वॉट चौपट करणं. शांत जागेसाठी उलट करावं आणि कमी संवेदनशील स्पीकर निवडावा. ॲम्प तोच, गुरगुराट तोच, आवाज फक्त खोलीला सोसेल एवढा.

टेबलापासून दोन मीटर

ॲम्प चांगला असूनही कार्यक्रम बिघडतो तो बहुधा तो ठेवला कुठे यामुळे. बारा इंची स्पीकरचे वरचे स्वर सगळीकडे पसरत नाहीत, झोतासारखे सरळ पुढे जातात. जमिनीवर ठेवलेला ॲम्प वादकाच्या पोटऱ्यांना ऐकवतो आणि समोरच्या टेबलावर बसलेल्याच्या कानाला टोचतो. वादकाला वाटतं ट्रेबल कमी आहे, तो वाढवतो, आणि टेबलावरचा माणूस बिल मागवतो. उपाय फुकटचे आहेत. ॲम्प खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलता करावा, म्हणजे त्याचं तोंड वादकाच्या कानाकडे होईल. नाहीतर तो बाजूला, वादकाकडे आडवा वळवावा.

कमी आवाजात कान बासकडे काणाडोळा करतात. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. त्यामुळे घरी मोठ्या आवाजात लावलेला टोन कॅफेत पातळ वाटतो. बास थोडा वाढवावा, आणि टोन नेहमी कार्यक्रमाच्याच आवाजात लावावा.

पुण्यात, मुंबईत, गोव्यात

आपल्याकडे आवाज कमी ठेवायला कायद्याचंही कारण आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. गोव्यातल्या समुद्रकाठच्या शॅकवर किंवा पुण्यातल्या एखाद्या गच्चीवरच्या कॅफेत वाजवणाऱ्यांना हा दहाचा ठोका चांगलाच ठाऊक असतो.

दुसरी गोष्ट विजेची. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून ॲम्प मागवण्याचा मोह होतो, पण तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथला ॲम्प थेट आपल्या सॉकेटला लावला तर फ्यूज उडतो, आणि तो वेळेत उडाला नाही तर ट्रान्सफॉर्मर जातो. ॲम्पच्या पाठीवर लिहिलेल्या वीजवापराच्या वॉटपेक्षा दीडपट-दुप्पट क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याचं ओझं कार्यक्रमाला दरवेळी वागवावं लागतं. २३० व्होल्टचं मॉडेल थोडं महाग पडलं तरी शेवटी स्वस्तच.

ट्यूब झिजतात. प्रीॲम्पच्या, म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या, ट्यूब वर्षानुवर्षं टिकतात, पॉवर ट्यूब नियमित वादनात लवकर थकतात. आज त्या मुख्यतः रशियातलं सारातोव, स्लोव्हाकियातलं चाड्त्सा आणि चीन इथून येतात. २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातीवर निर्बंध आले तेव्हा जगभरचे गिटारवादक ट्यूब साठवायला धावले होते. म्हणून पॉवर ट्यूबचा एक संच घरात असावा. ॲम्प ‘फिक्स्ड बायस’चा असेल तर नव्या ट्यूब घातल्यावर बायस, म्हणजे ट्यूब नुसती सुरू असताना तिच्यातून वाहणारा करंट, तपासून घ्यावा लागतो. चॅम्प किंवा एसी१५ सारख्या ‘कॅथोड बायस’च्या ॲम्पला सहसा ती कटकट नसते. दुरुस्तीची फार काळजी नको. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओसाठी व्हॉल्व्ह बनवले आणि त्यांवर हात बसलेली कारागिरांची एक पिढीच तयार झाली. व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करता येणाऱ्याला चॅम्प परका नाही. स्वतः मात्र पाठ उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट दबा धरून असू शकतात.

बहुतेक गाणी स्वच्छ आवाजात वाजवणाऱ्याने बारा ते पंधरा वॉटचा, दोन पॉवर ट्यूबचा, मास्टर व्हॉल्यूम किंवा रिव्हर्बसह येणारा ॲम्प घ्यावा. ब्लूज आणि रॉकच वाजवणाऱ्याने चार-पाच वॉटचा, ताकद पाव वॉटपर्यंत उतरवता येईल असा. दोन्ही करणाऱ्याने पहिला घ्यावा आणि गुरगुराटासाठी एक ओव्हरड्राइव्ह पेडल. दुकानात जाताना स्वतःची गिटार न्यावी, मित्राला दोन मीटरवर खुर्ची देऊन बसवावं आणि त्याच्याशी न ओरडता बोलता येईल एवढ्याच आवाजात ॲम्प तपासावा. त्या आवाजात जो आवडेल तो घ्यावा, पाठीवरचे वॉट नंतर वाचावेत.